घराबाहेर नेणारं सामान: काय रोज हातात येतं, काय कोपऱ्यात पडतं

मुलांनी बाहेर खेळावं, मोठ्यांनी पाय मोकळे करावेत, सगळ्या घरानं मिळून दिवसातला काही वेळ उघड्यावर घालवावा, हे ठरवायला काही लागत नाही. सामान आणायलाही फार लागत नाही. अवघड असतं ते दोन महिन्यांनंतर तेच सामान पुन्हा दाराबाहेर निघणं. म्हणून इथे प्रत्येक वस्तू दोन प्रश्नांवर तोलली आहे. घरातून निघायचं ठरल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत किती मिनिटं जातात? आणि तासाभरात घरातल्या किती जणांचे पाय खरोखर हलतात? रंग, डबा, सोबत मिळणारी पिशवी यांना गुण नाहीत.

किती हालचाल पुरेशी, याचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेलं आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस तरी त्यात हाडं आणि स्नायू बळकट करणारं काही असावं. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल. ६५ च्या पुढच्यांना याशिवाय आठवड्यातून ३ दिवस तोल सांभाळण्याचा सराव. ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हलत राहावं, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. ‘मध्यम’ ओळखण्याची खूण सोपी आहे: बोलता येतं, गाता येत नाही.

हे सगळं घरातही करता येईल, मग बाहेरच का? एक ठोस कारण डोळ्यांचं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास दिला गेला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक बहुधा उजेडाचा आहे. लक्स या उजेडाच्या मापात दिवे लावलेल्या खोलीत साधारण काही शे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतसुद्धा काही हजार. म्हणजे मूल झाडाखाली बसून माती उकरत असलं तरी डोळ्यांसाठी तो वेळ वाया जात नाही.

उडती तबकडी: पहिली खरेदी हीच

फ्रिस्बी या नावानं ओळखली जाणारी तबकडी दोन्ही प्रश्नांवर सर्वांत वर येते. तयारी शून्य. जाळी नाही, हवा भरणं नाही, बाजू मांडणं नाही. चार वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या माणसापर्यंत सगळे एकाच वर्तुळात उभे राहू शकतात.

घेताना वजन बघा. मोठ्यांच्या स्पर्धांमध्ये १७५ ग्रॅमची, साधारण २७ सेंटीमीटर व्यासाची तबकडी वापरतात, आणि घरातल्या मोठ्यांसाठी तीच घ्यावी. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी पातळ, हलकी तबकडी वाऱ्याच्या एका झुळुकीनं भरकटते. मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही, आणि तिथेच खेळ संपतो. सहा ते दहा वर्षांच्या हातांना १७५ ग्रॅम जड पडतात, बोटांवर आदळली तर दुखतंही. त्यांच्यासाठी १४० ते १४५ ग्रॅमची मिळते. त्याहून लहानांना कापडी किंवा सिलिकोनची मऊ कडा असलेली द्या. ती फार लांब जात नाही, पण चेहऱ्यावर लागली तरी रडू येत नाही, आणि या वयात भीती न बसणं अंतरापेक्षा महत्त्वाचं.

फेकणं शिकवताना बहुतेक जण ‘जोरात फेक’ म्हणतात. इथेच बिघडतं. तबकडी हवेत सरळ राहते ती स्वतःभोवती फिरते म्हणून. जोर आहे पण गिरकी नाही, तर ती डुगडुगते आणि खाली बसते. अंगठा वर, तर्जनी कडेला टेकलेली, बाकीची बोटं खालून कडेच्या आत वळवलेली, अशी पकड घ्या. लक्ष्याकडे खांदा करून उभे राहा आणि शेवटच्या क्षणी मनगट झटकन उघडा, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसं. दुसरी हमखास चूक म्हणजे सोडताना बाहेरची कडा वर उचलली जाणं. मग तबकडी अर्ध्या वाटेत कलंडते आणि उभी होऊन गडगडत जाते. उपाय एवढाच की सोडताना बाहेरची कडा अंगठ्याच्या बाजूपेक्षा किंचित खाली ठेवायची. झेलताना एका हातानं झडप घालू देऊ नका. छातीसमोर एक तळवा वर, एक खाली, आणि टाळी वाजवावी तशी तबकडी मध्ये पकडायची. सुरुवातीला ५-६ मीटर अंतर पुष्कळ झालं. पालक उत्साहानं १५ मीटर मागे जातात आणि मूल निम्मा वेळ तबकडी आणायला धावतं.

एक उणीव मोकळेपणानं सांगायला हवी. दोघं समोरासमोर उभे राहून फेकाफेकी करत असतील तर ती हालचाल हलकीच राहते. नाडीचे ठोके वाढवायचे तर तबकडी माणसाकडे नाही, माणसाच्या पुढच्या मोकळ्या जागेत टाकायची, म्हणजे झेलणाऱ्याला धावावं लागतं. तिघं असाल तर फेकणाऱ्यानं फेकल्याबरोबर धावत जाऊन झेलणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. दहा मिनिटांत सगळ्यांना घाम फुटतो.

सिमेंटवर पडून पडून कडेला बारीक कुसळं येतात आणि बोटं खरचटतात. बारीक सँडपेपरनं ती घासून टाका. तबकडी फेकून द्यायचं कारण नाही.

दोरी: प्रकार चुकला की आठवड्यात अडगळ

दोरीवरच्या उड्या कमी वेळात सर्वांत जास्त दम काढतात, शिवाय हाडांवर जो हलका दणका बसायला हवा तो यात आपोआप बसतो. ‘आठवड्यातून ३ दिवस हाडांसाठी’ हे काम दोरी एकटी करू शकते.

बाहेरच्या वापरासाठी आमची निवड निःसंशय मण्यांची दोरी. आतल्या दोऱ्यावर प्लॅस्टिकचे आखूड नळीसारखे मणी ओवलेले असतात. त्यांच्या वजनानं दोरीचा कमानीसारखा आकार टिकतो, वारा तिला ढकलत नाही, आणि जमिनीला लागल्यावर येणाऱ्या टक्‌ टक्‌ आवाजावर मुलं ताल पकडतात. एखादा मणी फुटला तरी बाकीची दोरी चालते. गुळगुळीत पीव्हीसीची दोरी वेगवान असते, पण खडबडीत जमिनीवर मधोमध झिजते आणि तिथेच तुटते. घडी घालून ठेवली तर वेटोळी तशीच राहतात. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून ताणली की बऱ्याच अंशी सरळ होते. सुती दोरी लहानांना मऊ वाटते पण इतकी हलकी असते की डोक्यावरून येईपर्यंत वेग मरतो. तारेची दोरी घरच्या मंडळींसाठी घेऊच नका. वरचं आवरण घासलं की उघडी तार पोटरीवर चाबकासारखी लागते.

लांबीचं माप असं: दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी वर ओढा. नवशिक्यासाठी मुठीचं टोक काखेपर्यंत यावं. सराव झाल्यावर छातीच्या मध्यापर्यंत आणता येते. लांब दोरी मुलं हात फाकवून आवरायला बघतात, मग दोरी वर उचलली जाते आणि पायात अडकते. लांबी कमी-जास्त करता येते अशीच घ्या, म्हणजे घरातल्या दोन-तीन उंचींना एक दोरी पुरते. तीन किंवा जास्त माणसं असतील तर ५ ते ७ मीटरची एक लांब दोरी या आखूड दोरीपेक्षाही मोलाची आहे. दोघं फिरवतात, बाकीचे आत शिरतात, आणि ज्यांना उड्या झेपत नाहीत त्या आजी-आजोबांनाही फिरवण्याचं खरंखुरं काम मिळतं.

जमीन हिरवळीची नको, गवत दोरी पकडतं. नुसतं सिमेंटही टाळता आलं तर टाळा. घट्ट माती, लाकडी फळ्या किंवा रबरी लाद्या उत्तम. उडी दोन-तीन सेंटीमीटरचीच, उतरायचं पायाच्या पुढच्या भागावर, गुडघे किंचित सैल, आणि दोरी फिरवायची मनगटानं. पहिल्या आठवड्यात २० सेकंद उड्या आणि तेवढीच विश्रांती, असे ८ फेरे बस. पहिल्याच दिवशी पाचशे उड्या मारणाऱ्याची नडगी तिसऱ्या दिवशी दुखू लागते, आणि ‘दोरी मला सोसत नाही’ असा निकाल लागतो. चूक दोरीची नसते, घाईची असते. गुडघ्याचं दुखणं, गरोदरपण, किंवा उडी मारताना लघवी सुटण्याचा त्रास असेल तर मात्र दोरी बाजूला ठेवा. शेवटचा त्रास बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असतो आणि कुणी बोलत नाही. त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्टला विचारावं.

बॅडमिंटनचा तयार संच

सर्वांत जास्त विकत घेतला जाणारा आणि सर्वांत लवकर धूळ खाणारा. दोष खेळाचा नाही, वाऱ्याचा आहे. बॅडमिंटनचं फूल जेमतेम ५ ग्रॅमचं. पानं हलतील इतका वारा असला तरी ते हवं तिथे जात नाही. त्यामुळे बाहेर पिसांचं फूल घेऊ नका, नायलॉनचं घ्या. त्याच्या बुचाजवळच्या पट्टीचा रंग वेग सांगतो: हिरवा मंद, निळा मध्यम, लाल वेगवान. जाळी अशी लावा की वारा एका बाजूकडून दुसरीकडे, म्हणजे खेळाच्या लांबीच्या दिशेनं वाहील, आणि दर ५ गुणांनी बाजू बदला. आडव्या वाऱ्यात कोणालाच खेळता येत नाही. जागतिक बॅडमिंटन महासंघानं २०१९ मध्ये खास बाहेरच्या खेळासाठी एअर बॅडमिंटन हा प्रकार आणला, त्याचं फूल वाऱ्यात तग धरेल असं बनवलेलं आहे. मिळालं तर तेच घ्यावं.

तयार संचातल्या रॅकेटची दांडी आणि डोकं जिथे जोडलेलं असतं तो सांधा बघा. तिथे हातानं हलकं पिळून पाहिलं तर स्वस्त रॅकेट खुळखुळते. तीच पुढे मोडते. जाळीचे खांब खुंट्यांवर उभे राहणारे असतील तर फक्त मातीत चालतील. पाण्यानं किंवा वाळूनं भरायच्या बैठकीचे खांब कुठेही चालतात, पण भरण्यात आणि रिकामं करण्यात पंधरा मिनिटं जातात. पहिल्या प्रश्नावर हा संच तिथेच मार खातो. दोन झाडांमध्ये दोरी बांधून खेळणारी घरं जाळीवाल्यांपेक्षा जास्त खेळतात.

सायकल: सर्वांत मोठा फायदा, सर्वांत जास्त चुका

घराच्या तब्येतीवर सर्वांत लांबचा परिणाम करणारी वस्तू हीच, कारण ती खेळही आहे आणि जाण्यायेण्याचं साधनही. पण ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेतलेली सायकल ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत महाग चूक. पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटं ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, मूल दोनदा पडतं आणि सायकल एक वर्ष भिंतीला टेकून राहते. कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल आजच्या अंगाची.

वयावरून किंवा नुसत्या उंचीवरून माप घेऊ नका, पायाच्या आतल्या लांबीवरून घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत सरकवा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. शिकणाऱ्या मुलाच्या सायकलची सीट, सर्वांत खाली केल्यावर, या मापापेक्षा जास्त उंच नसावी. सायकलच्या मधल्या नळीवर दोन्ही पाय टाकून उभं राहिल्यावर नळी आणि जांघ यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी. अंदाजासाठी: १२ इंची चाक साधारण ८५ ते १०० सेंटीमीटर उंचीला, १६ इंची १०५ ते १२० ला, २० इंची ११५ ते १३५ ला. दोन मापांच्या सीमेवर असाल तर लहान घ्या.

नंतर वजन. दुकानात सायकल उचलून बघायला कोणी सांगत नाही, तुम्ही उचला. मुलाच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जड सायकल मुलाला आवरत नाही. १५ किलोच्या मुलासाठी ६ किलो ही मर्यादा झाली, आणि दिखाऊ मडगार्ड, टोपली, जाड लोखंडी चौकट मिळून लहान सायकली सहज ९-१० किलोंच्या होतात. मोठ्या माणसानं ४० किलोंची सायकल चढावर नेण्यासारखंच हे. लहान चाकांच्या सायकलींना लावलेले शॉकअप केवळ वजन वाढवतात. मुलाच्या वजनानं ती स्प्रिंग दबतसुद्धा नाही. सात वर्षांच्या आत गिअरचीही गरज नाही.

शिकवण्यासाठी मागच्या चाकाला लावायची छोटी आधाराची चाकं विकत घेऊ नका, लावून आलेली असतील तर काढा. सायकल वळते ती कलून. आधाराच्या चाकांमुळे ती कलूच शकत नाही, मूल वळणावर उलट बाहेरच्या बाजूला झुकायला शिकतं, आणि चाकं काढल्यावर ते मोडावं लागतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी पेडल नसलेली बॅलन्स सायकल सर्वांत चांगली. मूल पायांनी जमीन ढकलत जातं, तोल आधी येतो, पेडल मागाहून. तिची सीट अशी ठेवा की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघा किंचित वाकलेला राहील. फोमचं टायर पंक्चर होत नाही, पण ओल्या जमिनीवर घसरतं आणि धक्के सोसत नाही. हवेचं टायर मिळत असेल तर ते घ्या.

वेगळी बॅलन्स सायकल घ्यायची नसेल तर असलेल्या सायकलचे पेडल काढा, सीट खाली करा, झाली बॅलन्स सायकल. बहुतेक पेडलना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. इथे एक जागा फसवते: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि त्याचं टोक सायकलच्या मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही पेडल याच दिशेनं सैल होतात. डावीकडे नेहमीच्या सवयीनं फिरवत राहिलात तर पेडल आणखी घट्ट बसेल किंवा आटे जातील. मूल दोन्ही पाय उचलून ५-६ मीटर घरंगळत जाऊ लागलं आणि वळणावर घाबरलं नाही, की पेडल परत लावा. बहुतेक मुलं त्याच दिवशी पेडल मारतात. शिकवताना सीट किंवा हँडल धरून धावू नका, तोल तुमचा होतो, मुलाचा नाही. धरायचंच असेल तर काखेखाली हलका हात पुरे.

खोक्यातून सुटी आलेली सायकल घरी जोडलीत तर पुढचा चिमटा उलटा बसला नाही ना, ते आधी बघा. त्याचा बाक पुढच्या दिशेला हवा. उलटा बसला तर हँडल अस्थिर होतं आणि पेडलवरचा पाय चाकाला अडतो. हँडलच्या दांडीवर किमान किती आत जायला हवी याची खूण कोरलेली असते, ती दिसता कामा नये. ब्रेकच्या मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आत पिळला की मूठ हँडलजवळ येते आणि लहान बोटांच्या पहिल्या पेराला सापडते. हा स्क्रू आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

मोठ्यांची चूक नेमकी उलटी. त्यांची सीट फार खाली असते. खालच्या टोकाला आलेल्या पेडलवर टाच ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे पंजानं पेडल मारताना गुडघा थोडाच वाकलेला राहतो. सीट खाली असली की गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, आणि दोष वयाला दिला जातो.

देखभालीत नव्वद टक्के काम हवेचं. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो. मुलांसाठी किमान आकड्याच्या जवळ ठेवा, मोठ्यांसाठी मध्याच्या वर. हवा कमी असताना दगडावर चाक आपटलं तर ट्यूब रिमखाली चिरडते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वेळेवर भरत चला. चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटं थांबून वरचं सगळं तेल फडक्यानं पुसून काढा. पुसलं नाही तर धूळ चिकटते आणि घासकागदासारखी चेन झिजवते.

हेल्मेट सायकलसोबतच घ्या, नंतर नको. कपाळाभोवती भुवयांच्या थोडं वर फीत धरून घेर मोजा आणि त्या सेंटीमीटरवरून माप निवडा. आतल्या लेबलवर EN 1078 (युरोपचं) किंवा CPSC (अमेरिकेचं) यांपैकी एखाद्या सुरक्षा मानकाचा उल्लेख हवा. डोक्यावर आडवं बसलं पाहिजे: भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एका बोटाची जागा. मुलाला मोठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट खाली ओढलं गेलं तर पट्टी बरोबर आहे. मागे ढकललेलं, कपाळ उघडं टाकणारं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पडताना कामाला येत नाही. आतला फोम एकदाच चिरडण्यासाठी असतो. जोराचा मार लागला की वरून काही दिसलं नाही तरी हेल्मेट बदला. आणि मूल सायकलवरून उतरून घसरगुंडी किंवा चढायच्या शिडीकडे पळालं, तर आधी हेल्मेट काढा. फटीत हेल्मेट अडकून पट्टीनं गळा आवळला जाण्याचा धोका खरा आहे.

मूल पाठीवर नेण्याची चौकटीची बॅग

मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्यावरच, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. पाऊल टेकायला पायपट्टे हवेत, नाहीतर लोंबकळणाऱ्या मांड्यांना मुंग्या येतात. वजन खांद्यांवर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं. दुकानात १० किलो घालून दहा मिनिटं चालून पाहा. लेबलवरची मर्यादा मूल, पाणी आणि बॅग मिळून आहे की फक्त मुलाची, हे वाचा. चालणाऱ्याला ऊब येते पण पाठीवरचं मूल हलत नाही, म्हणून त्याच्या मानेला हात लावून थंडी-उष्णता तपासत राहा. फांदी तुमच्या डोक्यावरून जाते, त्याच्या नाही.

बॅग चांगली असली तरी आमचं मत विकत घेण्याच्या बाजूनं नाही. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की त्यानं स्वतः चालायला हवं, आणि बॅग हाताशी असली की ते चालत नाही. भाड्यानं किंवा ओळखीत मिळाली तर वर्षभर वापरून परत करा.

पेटांकचे गोळे

पेटांक हा गोळे नेमानं टाकण्याचा फ्रेंच खेळ. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर हा संच तबकडीइतकाच उपयोगी. लाकडाची ३० मिलिमीटरची छोटी गोटी ६ ते १० मीटरवर टाकायची आणि धातूचे गोळे तिच्या जवळात जवळ नेऊन टाकायचे. स्पर्धेचे गोळे ६५० ते ८०० ग्रॅमचे असतात. पहिल्यांदा घेताना हलक्या बाजूचे घ्या. एका पायावर भार देऊन हात झुलवणं, वाकणं, उठणं, दहा मीटर चालत जाणं, हे तासाभरात कित्येकदा होतं, आणि ६५ च्या पुढच्यांना हवा असलेला तोलाचा सराव त्यातच असतो. वाकता येत नसेल तर दोरीला बांधलेलं लोहचुंबक मिळतं, त्यानं उभ्याउभ्या गोळा उचलता येतो. मऊ मातीवर किंवा बारीक खडीवर खेळा. दाट गवतात गोळा जिथे पडतो तिथेच रुततो. लहान मुलं टाकणाऱ्याच्या मागे उभी हवीत, हा नियम पहिल्या गोळ्याआधी.

पावलं मोजणारं घड्याळ

ऐच्छिक. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच तो होता. सायकलवर आणि बाबागाडी ढकलताना मनगटावरचं घड्याळ कमी मोजतं. मुलांना आकड्याची सवय लागली तर ती हात हलवून पावलं वाढवतात. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाहेर घालवलेली मिनिटं लिहा. वर दिलेलं मापही मिनिटांतच आहे.

कशानं सुरुवात, कुठे ठेवायचं

पहिल्या महिन्यात तबकडी आणि मण्यांची एक लांब, एक आखूड दोरी. ती नेमानं बाहेर पडू लागली की सायकल. बाकी सगळं त्यानंतर. तबकडी, दोऱ्या, पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि जखमेच्या पट्ट्या एका पिशवीत घालून ती दारामागच्या खुंटीवर टांगा, कपाटात नको. पंप सायकलशेजारीच राहू दे. ऊन कडक असेल तेव्हा दुपार टाळून सकाळ-संध्याकाळ निवडा. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवून पक्क्या इमारतीच्या आत या. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहा. लांब दोरी फिरवून तिच्यात शिरायचा खेळ मोठ्या खोलीतही होतो, फक्त फिरवणाऱ्यांनी आधी वरचा दिवा बघून घ्यावा.